सर्पगंधेची साक्ष

12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दुपारी डॉक्टरांनी मोजलेला त्यांचा रक्तदाब 300 वर 190 होता. तो काही एका दिवसात चढला नव्हता. कित्येक वर्षं तो वाढत होता आणि डॉक्टरांना दिसतही होता, पण जगातल्या बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला देण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. मीठ कमी, सिगारेटी कमी, भरपूर विश्रांती, आणि सोबत फिनोबार्बिटोन. हे शेवटचं औषध मुळात रक्तदाबाचं नाहीच, ते गुंगीचं आहे. ते देण्यामागे त्या काळची पक्की समजूत होती, की दाब चढतो तो मनावरच्या ताणाने, तेव्हा मन निवलं की दाबही उतरेल.

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. ‘फार विचार करतात, म्हणून बीपी वाढलं’ असं आपण म्हणतो. चिडका माणूस बीपीचा असणारच आणि शांत माणसाला बीपी कुठून होणार, हेही आपण धरून चालतो. यात खरं किती आणि ऐकीव किती, हे पाहायचं तर एका झाडाची साक्ष काढायला हवी. रक्तदाब आणि मन या दोहोंना एकाच वेळी हात घालणारं पहिलं मोठं औषध त्या झाडाच्या मुळीतून आलं आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा परळच्या केईएम रुग्णालयात पार पडला.

सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचं झुडूप. सह्याद्रीच्या जंगलातही ते आढळतं. बिहारकडे त्याच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. अस्वस्थ, झोप उडालेल्या, हिंडत-ओरडत राहणाऱ्या माणसाला ती उगाळून किंवा चूर्ण करून देत. 1931 साली कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये या मुळीवर लेख लिहिला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्ही आजारांवरचं नवं भारतीय औषध, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं होतं. मुळी दिली की रोगी शांत होतो आणि दाबही खाली येतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी मुळीतली अल्कलॉइडं वेगळी करत होते. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिलं.

पुढचं मोठं पाऊल डॉ. रुस्तम जाल वकील यांचं. मुंबईच्या केईएममधले हे हृदयरोगतज्ज्ञ काही वर्षं आपल्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देत होते आणि काटेकोर नोंदी ठेवत होते. 1949 साली त्यांनी 50 रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. बहुतेकांचा दाब उतरला होता, तोही हळूहळू आणि टिकाऊपणे. ज्या मुळीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या नुसतं सांगितलं जात होतं, तिचे मोजलेले आकडे पहिल्यांदाच जगभरच्या हृदयतज्ज्ञांसमोर आले. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती मागवून घेतली. दाब तर उतरलाच, शिवाय रुग्ण निवांत, स्वस्थ दिसू लागल्याचं त्यांच्याही लक्षात आलं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला. तो रेसर्पिन. दोनच वर्षांत न्यूयॉर्क राज्यातले मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊ लागले.

1957 साली वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या वर्षी वैद्यकीय संशोधनासाठी ज्यांचा गौरव झाला, त्यांत क्लाइन, लेमन, डेनिकर अशी मनाच्या औषधांसाठी ओळखली जाणारी माणसं होती आणि त्यांच्याच रांगेत मुंबईचा हा हृदयाचा डॉक्टर. वकील यांचं नाव आज महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रेसर्पिन नेमकं करतं काय? चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन, डोपामिन ही रसायनं कणगीत धान्य साठवावं तशी बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या कणग्या भरूच देत नाही. रक्तवाहिन्यांना आवळायला सांगणारा निरोप त्यामुळे क्षीण होतो, वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. तीच रसायनं मेंदूतही असल्याने तिथलीही धग कमी होते. म्हणजे बिहारचे वैद्य आणि परळचे डॉक्टर एकाच कळीवर बोट ठेवत होते.

आणि मग तक्रारी येऊ लागल्या. 1954 साली अमेरिकेतले एडवर्ड फ्राइस यांनी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये नैराश्य दिसल्याचं लिहिलं. कशातच रस नाही, पहाटे जाग येते, रडू येतं, जगून काय करायचं असं वाटतं. पाठोपाठ बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांमध्ये दाखवून दिलं, की रेसर्पिनने सेरोटोनिनचा साठा रिता होतो. दोन्ही धागे जुळवले गेले. औषधाने रसायनं घटतात आणि औषधाने माणूस खचतो, तेव्हा नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता, असा तर्क निघाला. नैराश्यावरच्या औषधांचं पुढच्या अर्धशतकाचं गणित बऱ्याच अंशी त्यावर उभं राहिलं. ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ हे वाक्य आज आपल्याकडे रुग्णाला समजावताना सर्रास वापरतात. त्याचं एक मूळ सर्पगंधेच्या मुळीत आहे.

पण साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला हवी होती आणि ती फार कमी लोकांनी केली. 1955 साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंता आणि नैराश्य असलेल्या रुग्णांनाच रेसर्पिन दिलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. रेसर्पिन घेणारे खचले नाहीत, उलट त्यांना अधिक बरं वाटलं. हा निष्कर्ष प्रचलित तर्काला अडचणीचा होता, म्हणून असेल, तो मागे पडला. नंतर जुन्या नोंदी पुन्हा चाळणाऱ्यांना असंही दिसलं, की नैराश्य आलेल्यांपैकी अनेकांची मात्रा मोठी होती, काहींना पूर्वीही नैराश्य येऊन गेलं होतं, आणि गुंगी व सुस्ती यांनाच कित्येकदा नैराश्य म्हटलं गेलं होतं. याच फ्राइस यांनी पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर मोठी चाचणी घेतली. तिच्यात दिलेल्या औषधांपैकी एक रेसर्पिनच होतं. खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांमध्ये औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक इतका ठळक निघाला, की त्या गटाची चाचणी आधीच थांबवावी लागली. औषधाने रक्तदाब उतरवला की माणसं वाचतात, हे 1967 सालच्या त्या निष्कर्षांनी निर्विवाद झालं.

सर्पगंधेची साक्ष मला अशी वाटते: रक्तदाब आणि मन यांच्या तारा एकाच खांबावरून जातात, पण एक तार हलली म्हणजे दुसरी ठरलेल्या दिशेनेच हलेल, असं नाही. यापुढचं सगळं मी याच आधारावर सांगणार आहे.

ताणाने दाब वाढतो का? क्षणभर नक्कीच वाढतो. 1983 साली इटलीत ज्युसेप्पे मांचिया यांनी रुग्णांच्या धमनीतच नळी ठेवून दाबाची अखंड नोंद घेतली. डॉक्टर खोलीत आले की पहिल्या काही मिनिटांतच वरचा आकडा सरासरी 27 आणि खालचा 15 मिलिमीटरने चढत होता. म्हणूनच दवाखान्यात धापा टाकत पोचल्यावर लगेच घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. पाच मिनिटं पाठ टेकून बसावं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, आणि मोजत असताना गप्पा तर मुळीच नाहीत. बोलण्यानेही आकडा वाढतो.

पण क्षणाचा चढ वेगळा आणि कायमचा आजार वेगळा. सततच्या ताणाने तो जडतो का, हे पाहायला इटलीतल्याच उंब्रिया भागातला एक अभ्यास मोलाचा आहे. मारिओ टिमिओ यांनी एका बंदिस्त मठातल्या 144 जोगिणी आणि त्याच परिसरातल्या 138 प्रापंचिक स्त्रिया यांचा दाब वर्षानुवर्षं मोजला. सुरुवातीला दोन्ही गट सारखे होते आणि मिठाचं प्रमाणही सारखंच होतं. तीस वर्षांनंतर प्रापंचिक स्त्रियांचा दाब वयानुसार चढत गेला होता, जोगिणींचा जवळपास होता तिथेच होता. मौन, ठरलेली दिनचर्या, पैशाची आणि मुलाबाळांची विवंचना नाही. मठात राहिलं म्हणजे दाब वाढत नाही, एवढा सोपा अर्थ यातून काढता येणार नाही, कारण मठ निवडणाऱ्या स्त्रिया मुळातच वेगळ्या असू शकतात. तरी वय वाढलं की दाब वाढायचाच, हे आपण ज्याला निसर्ग म्हणतो, त्यात जगण्याच्या रीतीचा मोठा वाटा आहे, एवढं यातून दिसतं.

नैराश्याचंही असंच. अनेक अभ्यास एकत्र करून 2012 साली मांडलेल्या हिशोबात, नैराश्य असलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आढळली. झोप मोडते, चालणं-फिरणं थांबतं, दारू-तंबाखू वाढते, शरीराला सावध ठेवणारी अनुकंपी चेतासंस्था सतत जागी राहते. वाटा अनेक आहेत आणि बहुतेक ओळखीच्या आहेत.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण नेदरलँड्समध्ये नैराश्य आणि चिंताविकारावर चाललेल्या एका मोठ्या पाहणीत, 2009 साली, उलटंच दिसलं. नैराश्य असलेल्यांचा दाब इतरांपेक्षा कमी होता. जास्त आढळला तो नैराश्याची काही जुनी औषधं घेणाऱ्यांमध्ये. मग 2023 साली लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेच्या लीना शारे आणि सहकाऱ्यांनी ‘यूके बायोबँक’मधल्या पाच लाख प्रौढांची माहिती तपासली. मोजताना ज्यांचा वरचा आकडा अधिक होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं थोडी कमी आणि समाधान थोडं जास्त होतं. मेंदूच्या चित्रणात, भावनिक चेहरे पाहताना त्यांचा मेंदू कमी चेतत होता. मात्र ज्यांना उच्च रक्तदाबाचं निदान झालं होतं, त्यांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा खालावलेलं होतं. आणि ज्यांना पुढे काही वर्षांनी निदान व्हायचं होतं, त्यांच्यातही ही घसरण आधीच सुरू झालेली दिसली.

एकाच माहितीसाठ्यातून दोन विरुद्ध गोष्टी निघाल्या, पण दोन्ही एकत्र नांदू शकतात. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब चढला की ते मेंदूला खबर देतात आणि मेंदू शरीराचा तोल सावरतो. 1979 साली बॅरी ड्वॉर्किन यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की दाब चढवला की त्रासदायक गोष्ट टाळण्याची प्राण्याची धडपड मंदावते, आणि हे चेतातंतू तोडले की तो परिणाम दिसत नाही. म्हणजे चढलेला दाब वेदनेला आणि त्रासाला काही अंशी बोथट करतो. माणसांतही, दाब अधिक असलेल्यांना दुखणं कमी जाणवतं, असं पुष्कळदा आढळलंय. एक शक्यता अशी मांडली जाते, की दीर्घकाळ त्रासात असलेल्या काही माणसांना चढलेल्या दाबाने क्षणभर उसंत मिळते आणि शरीर हळूहळू त्याच पातळीला सरावतं. हा अजून तर्कच आहे. पण दवाखान्यात रोज ऐकू येणारी एक तक्रार त्याने मला वेगळी ऐकू येऊ लागली: ‘गोळी नव्हती तेव्हा बरं होतं, गोळी सुरू झाली नि गळून गेल्यासारखं वाटतं.’ या माणसाला आपण हट्टी ठरवतो. तो बहुधा खरं सांगत असतो. पहिले काही आठवडे शरीराला नव्या पातळीची सवय व्हावी लागते. हे त्याला आधीच सांगितलं, तर गोळ्यांचं पाकीट फडताळात पडून राहत नाही.

यातून निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की आपला रक्तदाब आपल्याला जाणवत नाही. डोकं जड आहे, मान धरलीय, धडधडतंय, म्हणून आज गोळी घेतली. उद्या मोकळं वाटलं म्हणून टाळली. असं करणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांतल्या 46 टक्क्यांना त्याची कल्पनाच नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 या काळात, आपल्या देशात 15 वर्षांवरच्या 21 टक्के स्त्रियांचा आणि 24 टक्के पुरुषांचा दाब वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असल्याचं आढळलं. इतक्या लोकांना मनाच्या कौलावर गोळी घेऊ देणं धोक्याचं आहे.

निदान झाल्यावर काय होतं, तेही पाहायला हवं. 1978 साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात पोलाद कारखान्याच्या कामगारांवर झालेला अभ्यास रक्तदाबाच्या प्रत्येक शिबिराआधी आठवावा असा आहे. तपासणीत ज्यांना पहिल्यांदाच ‘तुम्हाला बीपी आहे’ असं कळलं, त्यांची आजारपणाची रजा पुढच्या वर्षी सुमारे 80 टक्क्यांनी वाढली. गंमत म्हणजे औषध सुरू झालं की नाही, याने फरक पडला नाही. आजाराचं नाव कळणं हेच त्यांना आजारी करून गेलं. आपल्याकडे तर नावाबरोबर आणखी बरंच येतं. ‘गोळी लागली की जन्माची’, ‘आता याला काही सांगू नका’, ‘त्यांच्यासमोर वाद नको’. घरचे प्रेमानेच करतात, पण पन्नाशीतला कर्ता पुरुष वा बाई त्यामुळे एकाएकी घराच्या निर्णयांतून बाहेर पडते आणि त्याचं ओझं मनावर बसतं. माझी कळकळीची विनंती आहे, की बीपीच्या माणसाला गोळी वेळेवर द्या, लोणचं-पापड कमी करा, पण घरातल्या गोष्टी त्याच्यापासून लपवू नका.

म्हातारपणी एक वेगळा धोका असतो. अनेक वर्षं न आवरलेल्या दाबाने मेंदूच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. 1997 साली जॉर्ज अलेक्सोपोलस यांनी अशा रक्तवाहिन्यांमुळे येणाऱ्या वृद्धांच्या नैराश्याची संकल्पना मांडली. यात रडणं कमी आणि मंदपणा जास्त असतो. आजोबा कशातच लक्ष घालत नाहीत, विचारलं तर ‘मला काय झालंय?’ म्हणतात, कामं सुरू करतात आणि अर्धवट सोडतात. घरचे याला वय म्हणून सोडून देतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासात, वरचा आकडा 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केलेल्यांमध्ये सौम्य स्मृतिदोषाचं प्रमाण 19 टक्क्यांनी कमी दिसलं. वृद्धांमध्ये कुठवर उतरवायचं, हे चक्कर आणि पडण्याचा धोका पाहून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पण चाळिशीत, पन्नाशीत दाब आवरला, तर सत्तरीतलं मनही राखलं जातं.

आता व्यवहाराचं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 साली सुरू झाला, त्यात आपल्याकडचे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. ठरलेली मोजकी औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, न आलेल्या रुग्णाला फोन, अशी साधी पण नेटकी पद्धत त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेली. तिथे रक्तदाब मोजतात त्याच टेबलावर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत, असं मला मनापासून वाटतं. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टींत रस कमी झालाय का? मन उदास, खचलेलं, हताश वाटतं का? जगभर वापरले जाणारे हे दोन प्रश्न विचारायला मिनिट पुरतं. 2000 सालच्या एका पाहणीनुसार, नैराश्य असलेल्या रुग्णांनी औषधोपचार न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते. म्हणजे जो रुग्ण गोळी घेत नाही म्हणून आपण रागावतो, त्याच्या बाबतीत आधी हेच विचारायला हवं. ‘हो’ आलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे आणि मराठीतही बोलता येतं.

औषधांबद्दल थोडी सावधगिरी. रक्तदाबावरच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी नैराश्य येतं, अशी समजूत बराच काळ होती. 2002 सालच्या एका मोठ्या आढाव्यात ती टिकली नाही. थकवा मात्र काहींना थोडा जाणवतो. उलट बाजूने, नैराश्यावरच्या व्हेनलाफॅक्सीनने, विशेषतः मोठ्या मात्रेत, दाब वाढू शकतो. जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांनी उठून उभं राहताना तो एकदम उतरू शकतो. लिथियम घेणाऱ्याला रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या किंवा ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं, त्यामुळे ते लगेच तपासावं लागतं. स्वतःहून कोणतंच औषध बंद करू नये. मनाच्या डॉक्टरांकडे जाताना बीपीची चिठ्ठी न्यावी आणि बीपीच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्यांची नावं सांगावीत. लाजून ती लपवणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.